भावाचे पोट, मामांचा वारसा आणि बंद केलेल्या गोळ्या

ताई, आपण लिहिलेली हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझे उत्तर नेमके कशाला आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. आपला धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे आणि पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. दीड वर्षापासून त्याचे पोट फुगते, सकाळी तीन-चार वेळा शौचास जावे लागते, आणि त्याच काळात त्याची झोप, उमेद आणि बोलणे कमी होत गेले. आठ महिन्यांपूर्वी तो पाचोऱ्याजवळच्या आपल्या गावी परत आला. डॉक्टरांनी उदासीनतेवरील (डिप्रेशनवरील) गोळ्या सुरू केल्या, परंतु पहिल्याच आठवड्यात मळमळ आणि जुलाब वाढले, तेव्हा ‘गोळ्या गरम पडल्या’ असे ठरवून घरच्यांनी त्या बंद केल्या. आईने त्याचे जेवण वेगळे केले असून तो आता वरच्या खोलीत एकटा मुगाची खिचडी आणि भात खातो. नात्यातील एका गृहस्थांच्या मते आजाराचे मूळ आतड्यांतील जंतूंमध्ये आणि जनुकांमध्ये आहे, आणि आहाराने ‘जनुके बदलतात’. शौचाची व लाळेची तपासणी, त्यावरून बेतलेला आहार आणि प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जंतूंची, पावडर असे २२ हजार रुपयांचे पाकीट घेतले की गोळ्यांची गरज उरणार नाही, असे ते म्हणतात. आपल्या मामांनी काही वर्षांपूर्वी आत्महत्या केली होती, म्हणून ‘हे आमच्या रक्तातच आहे का’ असेही आपण शेवटी विचारले आहे.

मी खानदेशात वीसहून अधिक वर्षे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. माझ्याकडे येणारे कितीतरी रुग्ण मनाची तक्रार घेऊन येतच नाहीत. ते पोट घेऊन येतात. ‘भूक मेली’, ‘पोटात गोळा फिरतो’, ‘गॅस डोक्यात चढतो’ अशा शब्दांत ते आपले दुखणे सांगतात, आणि बहुतेकांनी तोवर दोन-तीन पोटाचे डॉक्टर, एक एंडोस्कोपी आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची कॅप्सूल एवढा प्रवास केलेला असतो. त्यामुळे पोटाचा आणि मनाचा संबंध आहे का, हा माझ्या दृष्टीने प्रश्नच नाही. आपण तीन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले आहेत आणि अडचण तिथे आहे. संबंध आहे, हे एक. तो संबंध उपचारासाठी वापरता येतो, हे दुसरे. आणि तो वापरला की गोळ्या सोडता येतात, हे तिसरे. पहिल्याचे उत्तर होय असे आहे. दुसऱ्याचे उत्तर शरीरात कशाची कमतरता आहे यावर अवलंबून आहे. तिसऱ्याचे उत्तर, मामांची हकीकत लक्षात घेता, मी आज तरी नाही असेच देईन. भावाला समोर बसवून तपासल्याशिवाय निदान करणे योग्य होणार नाही. त्याची झोप किती तुटली आहे, वजन किती उतरले आहे, मनात मरणाचे विचार येतात का, यांवर पुष्कळ काही बदलू शकते.

संबंध कसा आहे ते आधी सांगतो. मेंदूपासून आतड्यांपर्यंत व्हेगस नावाचा एक लांब मज्जातंतू जातो. मेंदू हुकूम सोडतो आणि पोट ते पाळते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात या मज्जातंतूतील सुमारे ८० टक्के धागे पोटाकडील खबर वर मेंदूकडे नेणारे असतात. आतड्यांतील अब्जावधी जंतू आपण खाल्लेल्या तंतुमय अन्नावर जगतात आणि त्याचे ब्युटिरेटसारख्या लहान आम्लांत रूपांतर करतात. ही आम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि शरीरातील दाह काबूत ठेवण्यास हातभार लावतात. शरीरात दाह वाढला की मन खचते, हे पूर्वी यकृताच्या हेपटायटिस सी या आजारासाठी दिल्या जाणाऱ्या, दाह वाढवणाऱ्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांनी आम्हा डॉक्टरांना चांगलेच दाखवून दिले. ज्यांना आधी कधी मनाचा आजार झाला नव्हता असे कितीतरी रुग्ण त्या उपचारात ठळकपणे उदास होत असत.

मज्जापेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाबद्दल मात्र जपून बोलले पाहिजे, कारण त्या पाकिटाच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर तेच असणार. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होते, हे खरे आहे; परंतु ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, कारण मध्ये असलेला अडसर त्याला आत सोडत नाही. मेंदू आपले सेरोटोनिन अन्नातून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून स्वतःच बनवतो. आमच्या रावेर-यावलकडची मंडळी हौसेने सांगतात की केळ्यात सेरोटोनिन असते म्हणून केळे खाल्ले की मन प्रसन्न होते. केळ्यात ते असते, पण मेंदूपर्यंत पोचत नाही. केळ्याचे खरे देणे निराळे आहे: कच्च्या केळ्यात न पचता थेट मोठ्या आतड्यात जाणारे स्टार्च भरपूर असते आणि वर सांगितलेल्या जंतूंचे ते खाद्य आहे, केळे जसजसे पिकते तसतसे ते स्टार्च साखरेत बदलते. म्हणजे त्या जंतूंच्या बाजूने पाहिले तर पिवळ्याधमक केळ्यापेक्षा कच्च्या केळ्याची भाजी अधिक कामाची.

आता उंदरांविषयी, कारण या क्षेत्रातील बहुतेक गाजलेल्या गोष्टी उंदरांच्या आहेत. २००४ साली जपानमधील संशोधकांनी दाखवले की आतड्यांत एकही जंतू नसलेल्या उंदरांच्या शरीरातील ताणाची संप्रेरके ताणाखाली इतरांपेक्षा जास्त वाढतात, आणि लहान वयातच जंतू दिले तर ते बरेचसे सुधारते. २०११ साली लॅक्टोबॅसिलस जातीचा एक विशिष्ट जंतू दिलेले उंदीर अधिक शांत वागले. व्हेगस कापला तेव्हा मात्र तो परिणाम दिसेनासा झाला. हा प्रयोग मला अजूनही सुंदर वाटतो. परंतु तोच जंतू २०१७ साली २९ निरोगी पुरुषांना देऊन पाहिला तेव्हा नुसत्या नावाच्या, म्हणजे आत औषध नसलेल्या, कॅप्सूलहून त्याचा काहीही वेगळा उपयोग दिसला नाही. पावडर विकणारे २०११ पर्यंत येऊन थांबतात.

पोट आणि मन यांतील वाट दोन्ही बाजूंनी चालू असते. परीक्षेच्या सकाळी तीनदा शौचास जाणारा विद्यार्थी सर्वांना माहीत असतो. आपल्या भावाच्या बाबतीत ती सकाळ दीड वर्ष चालली आहे, एवढेच. आतड्यांत कोणताही व्रण किंवा सूज नसताना पोट दुखणे, फुगणे आणि शौचाची लय बिघडणे याला आम्ही आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे हळवे आतडे) म्हणतो. काहींचे पोट आधी बिघडते व मन मागून, काहींचे नेमके उलट होते. यात कोणाचे सोंग नसते आणि कोणाचा दोषही नसतो. म्हणूनच मनाच्या आजारासाठी शोधलेली काही औषधे अल्प मात्रेत पोटासाठीही चालतात. २०२३ साली ब्रिटनमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या एका नीट आखलेल्या अभ्यासात ॲमिट्रिप्टिलीन या उदासीनतेवरील जुन्या औषधाच्या अगदी कमी मात्रेने आयबीएसच्या तक्रारी कमी झाल्या.

याच ठिकाणी ‘गोळ्या गरम पडल्या’ याचाही उलगडा होतो. उदासीनतेसाठी आज सर्वात जास्त लिहिल्या जाणाऱ्या गोळ्या सेरोटोनिनवर काम करतात, आणि सेरोटोनिनचा मोठा साठा तर आतड्यांत आहे. त्यामुळे गोळीचा पहिला धक्का पोटाला बसतो: मळमळ, पातळ शौच, भूक मंदावणे. बहुतेकांमध्ये हे आठ-पंधरा दिवसांत निवळते. मनावरचा परिणाम दिसायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे रुग्णाने त्रास आधी सोसायचा आणि गुण नंतर पाहायचा, अशी ही उलटी रीत आहे. ती आधीच समजावून सांगितली नाही तर जळगावच्या मे महिन्यात कोणतीही गोळी गरमच वाटणार. भावाचे पोट आधीपासून हळवे होते, त्यामुळे त्याला जास्त त्रास झाला असावा. निम्म्या किंवा त्याहून कमी मात्रेने, जेवणानंतर, हळूहळू वाढवत गोळी दिली तर तोच माणूस ती सहज पचवतो, असे मी वारंवार पाहिले आहे. आपल्या डॉक्टरांची गोळी चुकली असे मला वाटत नाही. पहिल्या पंधरा दिवसांविषयीचे पाच मिनिटांचे बोलणे राहून गेले असावे. गर्दीच्या दिवशी तेच राहून जाते, आमच्याकडूनही.

मामांविषयी आपण फार संकोचाने लिहिले आहे, तेव्हा त्याचे उत्तर स्पष्ट देतो. उदासीनतेचा आजार घराण्यात काही प्रमाणात उतरतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के धरला जातो. हा आकडा लोकसंख्येतील फरकांविषयी आहे, आपल्या भावाला आजार होण्याची शक्यता ३७ टक्के आहे असा त्याचा अर्थ नाही. शिवाय ‘उदासीनतेचे जनुक’ असे एक काही नसते. २०१९ साली ८ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून जनुकांतील १०२ ठिकाणे या आजाराशी जोडलेली आढळली आणि प्रत्येकाचा वाटा अगदी क्षुल्लक होता. त्याआधी, २००३ पासून, सेरोटोनिनशी संबंधित एकाच जनुकावर मोठी भिस्त ठेवली गेली होती. २०१९ च्याच आणखी एका मोठ्या पडताळणीत अशी गाजलेली १८ जनुके तपासली गेली आणि त्यांच्या नावाने केलेल्या दाव्यांना आधार मिळाला नाही. लाळेतील चार-दोन जनुके पाहून मनाचे भविष्य सांगणारी तपासणी मला हात पाहण्यापेक्षा फार वेगळी वाटत नाही, फक्त ती महाग असते.

त्या गृहस्थांनी ‘जनुके बदलतात’ असे म्हटले, त्यात मात्र तथ्याचा एक धागा आहे. शरीराच्या प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो, पण प्रत्येक पेशी त्यातील काही पाने उघडी ठेवते आणि काही मिटून ठेवते. पाने मिटण्याची एक रीत म्हणजे त्या जागी मिथिल नावाचा लहानसा रासायनिक गट चिकटणे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००४ साली मायकेल मीनी, मोशे झिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या उंदरांना जन्मल्यावर आईने खूप चाटले, गोंजारले, त्यांच्या मेंदूत ताण आवरणारे एक जनुक जास्त उघडे राहते. दुर्लक्षित पिलांत ते मिथिलने मिटलेले असते. विशेष म्हणजे मोठेपणी एका औषधाने ते पुन्हा उघडता आले. माणसांमध्ये नेदरलँड्समधील १९४४–४५ च्या हिवाळी उपासमारीचा दाखला दिला जातो. त्या काळात आईच्या पोटात असलेल्यांच्या रक्तात साठ वर्षांनंतरही वाढीशी निगडित एका जनुकावरील मिथिलची खूण त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळी आढळली, आणि त्या पिढीत स्किझोफ्रेनियाचे प्रमाणही सुमारे दुप्पट होते. ७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ऐकत वाढलेल्या आपल्या भागातील लोकांना भुकेचा असा लांबचा हिशेब ऐकून नवल वाटू नये.

अन्न, आतडे आणि जनुके यांची गाठ पडते ती इथे. मिथिल गट तयार होण्यासाठी फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे लागतात, आणि ती ताटातून येतात. जंतूंनी बनवलेले ब्युटिरेट जनुकांची पाने उघडी ठेवण्याच्या दुसऱ्या एका यंत्रणेवर परिणाम करते. परंतु बहुतेक ब्युटिरेट आतड्याचे अस्तर आणि यकृत यांतच संपते, मेंदूपर्यंत फारच थोडे पोचते. आणि जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून खुणा पाहता येत नाहीत, म्हणून रक्तातल्या किंवा लाळेतल्या खुणांवरून मेंदूचा अंदाज बांधावा लागतो. तेवढ्या कच्च्या अंदाजावर कोणी भावासाठी भाजीपाल्याची यादी ठरवून देत असेल, तर ती यादी आधी लिहिलेली असते आणि तपासणी नंतर होते, असेच मी समजतो.

माझे खरे म्हणणे शेतातल्या भाषेत सांगतो, कारण आपल्याकडे कपाशी आहे असे आपण लिहिले आहे. कपाशीवर लाल्या आला की पाने लाल होतात. कारण मॅग्नेशियमची कमतरता असेल तर मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी लागू पडते. पण तीच लाली नत्र कमी पडल्याने, तुडतुड्यांमुळे, पाणी साचल्याने किंवा रात्रीचा पारा एकाएकी उतरल्यानेही येते, आणि तेव्हा कितीही मॅग्नेशियम फवारले तरी पैसे मातीत जातात. मन आणि आहार यांचे नाते मला बरेचसे असेच दिसते. कमतरता भरून काढली की चमत्कार वाटावा असा गुण येतो. कमतरता नसताना तोच पदार्थ वर ओतला की विशेष काही घडत नाही.

कमतरतेचे सर्वात ठसठशीत उदाहरण आपल्याच ज्वारीचे आहे. पेलाग्रा नावाचा आजार नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. त्यात कातडी काळवंडते, जुलाब लागतात आणि मन व बुद्धी बिघडते. पोट आणि मन एकाच अभावाने एकदम कोसळण्याचा हा नमुना आहे. अमेरिकेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांत तो हजारोंना झाला, वेड्यांची इस्पितळे अशा रुग्णांनी भरली, आणि डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी हा संसर्ग नसून निकृष्ट आहाराचा परिणाम आहे हे दाखवून दिले; नायसिनचा उपाय १९३७ साली हाती आला. दख्खनमध्ये तो ज्वारीवरच पोट भरणाऱ्यांत दिसत असे. १९६० साली हैदराबादमध्ये, आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी ज्वारीतील ल्युसीन या घटकाचा त्याच्याशी संबंध जोडला. त्या मुद्द्यावर पुढे वाद झाले, पण नुसत्या भाकरीवर जगू नये हे त्यातून निश्चित झाले. आपल्या आज्यांनी ज्वारीत काळे उडीद मिसळून कळण्याची भाकरी केली आणि तिच्यासोबत डाळ वाढली, ती काही ल्युसीनचा विचार करून नव्हे. तरी ताट नेमके जमले.

आता वर ओतण्याविषयी. युरोपातील चार देशांत १,०२५ जास्त वजनाच्या आणि थोडी उदास लक्षणे असलेल्या लोकांना वर्षभर जीवनसत्त्वे व ओमेगा-३ यांच्या गोळ्या देऊन पाहिल्या; २०१९ साली निष्कर्ष आला तेव्हा उदासीनता टळण्यात त्यांचा काही उपयोग दिसला नाही. अमेरिकेत १८,३५३ प्रौढांना पाच वर्षांहून अधिक काळ ड जीवनसत्त्व दिले, तेथेही २०२० साली हाच निकाल आला. उलट ऑस्ट्रेलियात प्रा. फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली आहार निकृष्ट असलेल्या ६७ उदासीन रुग्णांवर अभ्यास केला. ज्यांना बारा आठवडे आहारतज्ज्ञांनी जेवण सुधारून दिले त्यांच्यापैकी ३२ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले, आणि ज्यांना फक्त सोबत व गप्पा दिल्या त्यांच्यापैकी ८ टक्के. हा फरक मोठा आहे. पण अभ्यास लहान होता, आपल्याला काय मिळते आहे हे रुग्णांना ठाऊक होते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे औषध किंवा समुपदेशन सुरूच होते. आपले नातेवाईक बहुधा याच अभ्यासाचा हवाला देत असतील. त्यांना हा औषध सुरूच असल्याचा मुद्दा अवश्य सांगा.

कमतरता न शोधण्याची चूक माझ्या हातूनही झाली आहे. यावल तालुक्यातील एक पन्नाशीच्या बाई माझ्याकडे वर्षभर येत होत्या. शाकाहारी, मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन, आणि तितक्याच जुन्या सवयीने रोज ॲसिडिटीची कॅप्सूल. उदासीनता होती, विसरभोळेपणा होता. मी एक गोळी बदलून दुसरी दिली, दुसरी वाढवली. एके दिवशी त्या चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही असे बोलता बोलता म्हणाल्या, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेटफॉर्मिन आणि ती कॅप्सूल, दोन्ही दीर्घकाळ घेतल्या की बी-१२ कमी करतात, आणि शाकाहारात ते मुळातच थोडे मिळते. तपासणीत ते फारच खाली होते. इंजेक्शने सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत त्या घरचा हिशेब पुन्हा लिहू लागल्या. पायांची बधिरता मात्र पूर्ण गेली नाही, आणि तेवढा उशीर माझ्या खाती आहे. तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी ही तपासणी सांगतो.

आपल्या भावासाठी मी हे करीन. हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्ततपासणी, बी-१२, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), थायरॉइड आणि साखर; पातळ शौच आणि रक्त कमी अशी जोडी दिसली तर गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक आजाराची रक्ततपासणीही; आणि शौचाची साधी तपासणी, जी कोणत्याही प्रयोगशाळेत होते. बी-१२ चे इंजेक्शन किंवा ताकदीच्या गोळ्या तपासणीआधी देऊ नका, नाहीतर आकडा फसवा येतो. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या, म्हणजे फोलेटच्या, गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. बी-१२ ची कमतरता असेल तर त्यांनी रक्त सुधारलेले दिसते आणि नसांचे नुकसान मात्र आतून चालू राहते. शौचातून रक्त पडणे, रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागणे, ताप किंवा वजन झपाट्याने उतरणे यांपैकी काही असेल तर हा नुसता आयबीएस मानू नये आणि पोटाच्या तज्ज्ञांना आधी दाखवावे. जंतूंची नावे आणि रंगीत वर्तुळे छापून देणाऱ्या त्या मोठ्या शौचतपासणीने आज माझ्या उपचारात एकही ओळ बदलणार नाही. त्या २२ हजारांतून वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या, वर्षभराच्या भेटी आणि औषधे होऊन पैसे उरावेत.

गोळ्यांबाबत एवढेच. घरातील एका व्यक्तीने आत्महत्या केलेली, वय २४, आणि दीड वर्ष लांबलेली उदासीनता. अशा रुग्णाला फक्त आहारावर ठेवण्याची जोखीम मी घेणार नाही. त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि पहिल्या आठवड्यात काय झाले ते तारखेसह सांगा. २५ वर्षांखालील रुग्णांत गोळी सुरू झाल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिले काही आठवडे अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढतात का यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचे असते, तेव्हा त्या काळात त्याला एकटे झोपवू नका आणि कपाशीच्या फवारणीची औषधे कुलपात ठेवा. त्याला सरळ विचारा, ‘जगू नये असे वाटते का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; असलेला बाहेर येतो. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. बरे वाटू लागल्यावरही गोळ्या निदान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि थांबवताना डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी कराव्या लागतात.

राहिले जेवण. आईंनी खिचडी सुरू केली ती मायेने, आणि पहिले आठ-दहा दिवस ती ठीकच होती. पण आठ महिने मूग-तांदळावर काढल्याने ताट अगदीच अरुंद झाले आहे. जंतूंना खाद्य थोडे, लोहही थोडे, आणि जेवताना शेजारी माणूस नाही. मात्र एकदम सगळे सुरूही करू नका. इतके दिवस विसावलेल्या आतड्याला उडीद, हरभरा, कांदा-लसूण एकाच दिवशी दिले तर पोट फुगेल आणि घरात पुन्हा ‘बघा, सोसत नाही’ असे होईल. पहिल्या आठवड्यात खिचडीच्या जागी एका वेळी ज्वारीची अर्धी-एक भाकरी, पातळ तुरीची डाळ आणि दुपारी ताजे ताक. ते सोसले की मेथी किंवा पोकळ्याची भाजी, कच्च्या केळ्याची भाजी, मूठभर शेंगदाणे. कळण्याची भाकरी त्यानंतर. चालत असेल तर अंडे, कारण बी-१२ पालेभाजीतून मिळत नाही. चहा जेवणाला लागून नको, तो अन्नातील लोह शोषू देत नाही. शेवभाजीची तर्री काही महिने दूरच राहू द्या. घरचे दही-ताक पावडरीइतकेच उपयोगी आहे का असे कोणी विचारील. आंबवलेल्या पदार्थांनी आतड्यांतील जंतूंची विविधता वाढते आणि दाहाच्या खुणा कमी होतात असे स्टॅनफर्डमधील २०२१ च्या एका लहान अभ्यासात दिसले आहे, आणि ताक तर घरचेच आहे.

त्याचे ताट मात्र वरच्या खोलीतून खाली आणा. थंडी पडली की शेतात पऱ्हाट्यांवर, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, भरिताची वांगी भाजाल, तेव्हा त्याला बोलवा, आणि मिरची-लसूण ठेचून घालण्याआधी भाजलेल्या वांग्यातील थोडे मीठ लावून त्याच्यापुरते वेगळे काढून ठेवा.